टीम गेली, आता कुणाची जर्सी घालायची?

१३ एप्रिल १९९७, रविवार. अमेरिकेतल्या हार्टफर्ड व्हेलर्स या हॉकी टीमने टॅम्पा बेला २-१ ने हरवलं, टीमचा शेवटचा गोल कॅप्टन केविन डिनीनने मारला, आणि मॅच जिंकूनही लोक घरी जायला उठेचनात, कारण पुढच्या सीझनला ही टीम इथे नसणार हे सगळ्यांना माहीत होतं. टीम नॉर्थ कॅरोलायनाला चालली होती, नाव बदलून, रंग बदलून. आता ज्या माणसाने १८ सीझन हिरवी जर्सी घातली त्याने सोमवारपासून काय करायचं? बॉस्टन जेमतेम दोन तासांवर, न्यूयॉर्क दोन-अडीच तासांवर, दोन्हीकडे हॉकीच्या जुन्या आणि श्रीमंत टीमा. जवळची एक पकडायची आणि पुढे चालायचं, असं आपल्याला लांबून वाटतं. तिथल्या लोकांना विचारलंत तर मात्र उत्तरं एकदम वेगवेगळी मिळतात, कुणी बॉस्टनकडे गेलं, कुणी न्यूयॉर्ककडे, कुणी बास्केटबॉलकडे, आणि काही जण अजून त्या गेलेल्या टीमच्याच टोप्या घालून फिरतात. यामागे टीव्हीचे नकाशे आहेत, लीगचा धंदा आहे, जुनी भांडणं आहेत. आणि मला यातली सगळ्यात उलटी वाटणारी गोष्ट म्हणजे शेजारी जितका जवळ आणि लोकांनी त्याला जितकं पटकन आपलंसं केलं, तितकी त्या शहराची स्वतःची टीम परत यायची शक्यता कमी. ते कसं, ते बघू.

आधी थोडं बॅकग्राउंड. ही हॉकी म्हणजे ध्यानचंदवाली नाही, बर्फावरची, स्केट्स घालून खेळतात ती. तिची सगळ्यात मोठी लीग म्हणजे एनएचएल, अमेरिका आणि कॅनडा मिळून ३२ टीम, प्रत्येकीच्या वर्षाला ८० च्या वर मॅचेस, त्यातल्या निम्म्या घरच्या मैदानावर. इंग्लंडच्या फुटबॉलसारखं इथे खालच्या डिव्हिजनमधून वर चढायची सोय नाही. तिकडे क्लब कितीही भिकार खेळला तरी तो सहसा त्या गावातच राहतो, खालच्या लीगमधे जातो, पण गावातच. इथे लीग बंद दाराची. किती टीम असणार, कुठल्या शहरात असणार, हे बाकीचे मालक मिळून ठरवतात आणि टीम ही मालकाची प्रॉपर्टी असते, शहराची नाही. त्यामुळे मालकाला तोटा होत असेल, किंवा दुसऱ्या शहराने फुकटात नवीन स्टेडियम देऊ केलं, तर बाकीच्या मालकांची परवानगी घेऊन तो टीम उचलून नेऊ शकतो. आणि प्रत्येक टीमला शहराच्या हद्दीपासून ५० मैलांचा स्वतःचा इलाखा असतो, त्यात दुसऱ्या कुणी दुकान टाकायचं तर आधी तिच्याशी सेटलमेंट करावी लागते. १९९३ साली अनाहाइमला डिस्नीने नवीन टीम आणली तेव्हा लीगची एन्ट्री फी ५ कोटी डॉलर होती, आणि त्यातले अर्धे लॉस एंजेलिसच्या टीमला गेले, का तर तिचा इलाखा म्हणून. हा इलाख्याचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आपल्याकडे हा अनुभव घेतलाय तो पुणेकरांनी. पुणे वॉरियर्स आली आणि २०१३ ला गेली, मग चेन्नईवर बंदी असताना दोन वर्षांपुरती रायझिंग पुणे आली, २०१७ ची फायनल खेळली आणि ती हरली कुणाशी तर मुंबईशी, तेही एका रनने. त्यानंतर ती टीमपण बंद. आता अशा पुणेकराला जर कुणी सांगितलं की अरे मुंबई इंडियन्स आहे की शेजारी, तीन तासांवर, तिला सपोर्ट कर, तर तो काय बोलेल ते इथे लिहिता येणार नाही. उलट २०१८ ला कावेरीच्या आंदोलनामुळे चेन्नईच्या घरच्या मॅचेस गहुंज्याला आल्या तर तिथे सगळं पिवळंधम्मक. काही लोक चेन्नईहून खास ट्रेन करून आले होते हे खरं, पण पिवळे कपडे घातलेले इथलेही होतेच, कारण धोनी दोन वर्षं पुण्याकडून खेळून गेला होता. म्हणजे हजार किलोमीटर लांबची टीम चालली, एक्सप्रेसवेच्या पलीकडची नाही. आता हेच डोक्यात ठेवून हार्टफर्डला चला.

हार्टफर्ड म्हणजे कनेक्टिकट राज्याची राजधानी, इन्शुरन्स कंपन्यांचं गाव, त्यामुळे आपली आयटीवाली मंडळी इकडे भरपूर येतात आणि नवीन आलेल्याला पडणारा एक प्रश्न म्हणजे इतक्या लोकांच्या टोपीवर ही माशाची शेपटी कसली. तो व्हेलर्सचा लोगो. १९७९ साली पीटर गुड नावाच्या डिझायनरने केलेला. खाली हिरवा डब्ल्यू, वर देवमाशाची निळी शेपटी, आणि त्या दोघांच्या मधे जी पांढरी जागा उरते तिच्यात हार्टफर्डचा एच. एकदा कुणी दाखवला की मग तो एच दिसायचा थांबत नाही. टीम जाऊन २५ वर्षं उलटून गेली तरी हा लोगो अजून खपतोय, आणि घेणाऱ्यांत टीम कधी न बघितलेली पोरंपण असतात.

पण टीम म्हणून व्हेलर्स म्हणजे, प्रेमाने सांगतो, दुबळी होती. एनएचएलमधल्या १८ वर्षांत प्लेऑफची एकच सिरीज जिंकली, १९८६ ला क्वेबेकविरुद्ध. पुढच्याच राउंडमधे मॉन्ट्रियलशी सातव्या मॅचच्या ओव्हरटाइमला हरले, आणि तरी गावाने टीमची मिरवणूक काढली. म्हणजे लीगचा कप नाही, फायनल नाही, एक राउंड जिंकली म्हणून मिरवणूक. असल्या लोकांचा टीमवर किती जीव असणार बघा.

आणि शेजारी कसा होता? मुळात ही टीम १९७२ ला सुरू झाली बॉस्टनमधे, दुसऱ्या एका लीगमधे, न्यू इंग्लंड व्हेलर्स या नावाने, आणि तिथे बॉस्टन ब्रुइन्सच्या सावलीत काही जमेना म्हणून दोन-अडीच वर्षांत हार्टफर्डला आली. १९७९ ला एनएचएलमधे घ्यायची वेळ आली तेव्हा ब्रुइन्सनी अडवून धरलं, न्यू इंग्लंड हे नाव चालणार नाही, ते आमचं आहे, मग हार्टफर्ड व्हेलर्स झाली. पुढे दोघी एकाच डिव्हिजनमधे, सतत आमने-सामने, आणि बॉस्टनची मॅच असली की हार्टफर्डच्या स्वतःच्या स्टेडियममधे काळ्या-पिवळ्या जर्सींची गर्दी, घरच्या मैदानावर पाहुण्यांचा आरडाओरडा जास्त. १९९० च्या प्लेऑफमधे चौथ्या मॅचला व्हेलर्स ५-२ ने पुढे होते, ती जिंकले असते तर सिरीज ३-१ झाली असती, आणि तिथून ६-५ ने हरले, घरच्या प्रेक्षकांसमोर, आणि मग सातव्या मॅचला सिरीजपण गेली. पुढच्या वर्षी परत बॉस्टननेच बाहेर काढलं. मार्च १९९१ मधे सगळ्यात लाडका खेळाडू रॉन फ्रान्सिस पिट्सबर्गला देऊन टाकला, पिट्सबर्गने त्याच वर्षी आणि पुढच्या वर्षी कप जिंकला. पेरायचं आपण आणि खळं दुसऱ्याच्या दारात.

तर १९९४ ला टीम घेतली पीटर कार्मानोसने, हा डेट्रॉइटकडचा सॉफ्टवेअर कंपनीवाला. घेताना चार वर्षं राहू म्हणाला. मग स्टेडियम जुनं झालंय, मॉलच्या पोटात आहे, सरकारने नवीन बांधून द्यावं अशी मागणी, गव्हर्नरशी बोलणी, बोलणी फिसकटली, आणि चार वर्षं पुरी व्हायच्या आत भरपाईचे पैसे भरून टीम घेऊन गेला. तेही कुठे, तर नॉर्थ कॅरोलायनातलं रॅली हे शहर, जिथलं स्टेडियम अजून बांधून झालं नव्हतं, म्हणून पहिली दोन वर्षं ग्रीन्सबरोला खेळले रिकाम्या खुर्च्यांपुढे. हार्टफर्डवाल्यांना त्याचा जास्त राग.

आता दत्तक घेण्याची गोष्ट इथून सुरू होते. फॅन शेजाऱ्याकडे जातो तो बहुतेक वेळा एक दिवस ठरवून जात नाही, हळूहळू ढकलला जातो, आणि पहिला धक्का टीव्हीचा असतो. अमेरिकेत प्रत्येक टीमच्या बहुतेक मॅचेस लोकल स्पोर्ट्स चॅनलवर दिसतात, आणि कुठल्या भागात कुठलं चॅनल कुठल्या टीमच्या मॅचेस दाखवणार हे लीगने आखून दिलेलं असतं. कनेक्टिकट हा सामायिक प्रदेश, केबलवर बॉस्टनचं चॅनलपण आणि न्यूयॉर्कचंपण. व्हेलर्स गेल्यावर हिवाळ्यात संध्याकाळी टीव्ही लावला की समोर हेच. कॅरोलायनाच्या मॅचेस त्या काळात रोज बघायच्या तर वेगळे पैसे मोजायला हवेत. मग बेसबॉलमधे ज्या घरात आधीपासून बॉस्टनची रेड सॉक्स त्या घरातली पोरं साहजिकच ब्रुइन्सकडे, ज्या घरात न्यूयॉर्कची यांकीज ते न्यूयॉर्कच्याच हॉकी टीमकडे, म्हणजे रेंजर्सकडे. राज्याचा न्यूयॉर्कला चिकटलेला कोपरा तर आधीपासूनच रेंजर्सचा होता.

दुसरा धक्का रेंजर्सनी मुद्दाम दिला, आणि धंदा म्हणून बघितलं तर तो फार हुशार होता. एनएचएलच्या प्रत्येक टीमच्या हाताखाली एक धाकटी टीम असते, तिथे नवीन पोरं तयार होतात, आजारातून उठलेले खेळाडू सराव करतात. व्हेलर्स गेले त्याच वर्षी, म्हणजे १९९७ ला, रेंजर्सनी आपली धाकटी टीम हार्टफर्डला आणून बसवली, त्याच स्टेडियममधे, हार्टफर्ड वुल्फ पॅक या नावाने. तिकिटं स्वस्त, पार्किंग तेच, वडापावच्या जागी हॉटडॉग. २००० साली त्यांनी त्या लीगचा कपपण जिंकला. आता रायन कॅलहन किंवा डॅन जिरार्डीसारखं पोरगं तुमच्या गावात खेळून तयार झालं आणि पुढे न्यूयॉर्कला मोठं झालं, तर तुम्ही ते टीव्हीवर बघणारच, आमच्याकडे होता हा म्हणून सांगणारच, आणि तेवढ्यात तुम्ही रेंजर्सचे झालेले असता. त्यात रेंजर्सकडे कनेक्टिकटची माणसंपण होती. चेशायर गावात वाढलेला ब्रायन लीच १९९७ ला रेंजर्सचा कॅप्टन झाला, म्हणजे नेमकं त्याच उन्हाळ्यानंतर, आणि पुढे ट्रंबलचा क्रिस ड्रुरी कॅप्टन झाला, जो आता तिथला जनरल मॅनेजर आहे. शिवाय रेंजर्स दुसऱ्या डिव्हिजनमधले होते, त्यांच्याशी बॉस्टनइतकं वैर कधी नव्हतंच. ज्याला बॉस्टन गिळवत नव्हतं त्याला ही वाट बरी होती.

मधे २०१० ते २०१३ त्या धाकट्या टीमचं नाव कनेक्टिकट व्हेल करून जुन्या आठवणींवर गर्दी जमते का ते बघून झालं, फारसं जमलं नाही, परत वुल्फ पॅक. मला विचाराल तर यात नवल काही नाही. शेपटीचा लोगो लोकांना हवाय पण तो ज्या खेळाडूंच्या अंगावर होता ते खेळाडू कुठायत.

आणि बरेच लोक हॉकीच्या शेजाऱ्याकडे गेलेच नाहीत, ते खेळ बदलून मोकळे झाले. कनेक्टिकट युनिव्हर्सिटीची बास्केटबॉल टीम त्याच सुमाराला जोरात होती, मुलींनी १९९५ ला देशाचं टायटल जिंकलं, मुलांनी १९९९ ला, आणि त्यांच्या बऱ्याच मॅचेस व्हेलर्सच्याच जुन्या स्टेडियममधे. म्हणजे तीच सीट, तोच जिना, फक्त बर्फाच्या जागी लाकडी फळ्या. हॉकीची हौस कॉलेजच्या टीमांनीपण भागवली, २०१३ ला कॉलेज हॉकीच्या फायनलला येल आणि क्विनिपियाक अशा दोन्ही टीम कनेक्टिकटच्या होत्या, एकमेकांपासून काही मैलांवरच्या.

कॅरोलायनाकडे किती गेले? थोडे, आणि बहुतेक तेव्हाच्या खेळाडूंपुरते. कॅरोलायनाने २००६ ला कप जिंकला तेव्हा हार्टफर्डमधे आनंद झाला असं कुणी म्हणणार नाही. डिसेंबर २०१८ मधे त्यांच्या नवीन मालकाने रॅली शहरात टीमला व्हेलर्सची हिरवी जर्सी घालून उतरवलं, समोर टीम बॉस्टन, आणि त्या जर्सी दुकानात विकायला ठेवल्या. ज्यांनी टीम नेली तेच आता आमच्या आठवणी आम्हाला विकतायत, अशी एक भावना. दुसरी भावना अशी की चला, निदान कपाटातून बाहेर तरी काढली. मी पहिल्या पार्टीत.

आता कॅनडातली क्वेबेक सिटी. हार्टफर्डमधे शेजारी दादागिरी करणारा होता, इथे तो सरळ शत्रू होता. क्वेबेक नॉर्डिक्स आणि मॉन्ट्रियल कॅनेडियन्स, दोन शहरं एकाच फ्रेंच बोलणाऱ्या प्रांतातली, अडीचशे किलोमीटर अंतर. ऐंशीच्या दशकात कॅनेडियन्सचे मालक मोल्सन बिअरवाले आणि नॉर्डिक्सचे मालक ओ'कीफ बिअरवाले, म्हणजे बारमधे तुम्ही कुठली बाटली मागवता त्यावरून तुम्ही कुणाचे ते कळायचं. घरात भाऊ-भाऊ वेगळ्या टीमचे. २० एप्रिल १९८४, गुड फ्रायडे, प्लेऑफची सहावी मॅच मॉन्ट्रियलला, दुसरा पिरियड संपला तिथे सगळ्या टीमची मारामारी, मग सुट्टीनंतर परत बर्फावर आल्यावर दुसरी मारामारी, एकूण २५२ मिनिटांच्या पेनल्टीज, म्हणजे शिक्षा म्हणून खेळाडूंना बाहेर बसवायची सगळ्यांची मिळून मिनिटं. ६० मिनिटांच्या मॅचमधे. ज्यांचं लहानपण हे बघण्यात गेलं त्यांना १९९५ ला सांगण्यात आलं की तुमची टीम डेन्व्हरला चालली.

का गेली? खेळाडूंचा पगार अमेरिकन डॉलरमधे द्यायचा आणि तिकिटाचे पैसे येणार कॅनेडियन डॉलरमधे, जो तेव्हा ७०-७५ सेंटच्या आसपास घसरलेला, आणि पगारावर मर्यादा घालणारा सॅलरी कॅप यायला अजून १० वर्षं होती. मालक मार्सेल ओब्यूने प्रांत सरकारकडे मदत मागितली, सरकार जाक पारिझोचं, ज्यांच्या डोक्यात त्या वर्षी क्वेबेक कॅनडातून वेगळा करायचं सार्वमत, हॉकीच्या मालकाला तिजोरी उघडून देणं त्यांना मान्य नव्हतं. टीम गेली. आणि मग जे झालं ते एखाद्या सिनेमात दाखवलं तर अति वाटेल. डिसेंबर १९९५ मधे मॉन्ट्रियलचा गोलकीपर पॅट्रिक रॉय डेट्रॉइटविरुद्ध ११-१ अशा धुलाईत नऊ गोल खाईपर्यंत मैदानात ठेवला गेला, तो भडकला, बाहेर येऊन क्लबच्या प्रेसिडेंटला सांगितलं माझी इथली ही शेवटची मॅच, आणि चार दिवसांत त्याला कोलोरॅडोला देऊन टाकलं. कोलोरॅडो म्हणजे कालची नॉर्डिक्स. टीम क्वेबेकमधेच असती तर मॉन्ट्रियलने आपला हिरा त्यांच्या हातात दिला असता का, शक्यच नाही. जून १९९६ मधे कोलोरॅडोने कप जिंकला, डेन्व्हरला जाऊन पहिल्याच सीझनला. आणि हा रॉय मूळचा कुठला? क्वेबेक सिटीचा.

तर या लोकांनी काय केलं? काही वर्षं बरेच जण कोलोरॅडोच्या मॅचेस बघत राहिले, सॅकिक आणि फोर्सबर्गसाठी आणि गावच्या रॉयसाठी. मग ते खेळाडू रिटायर झाले आणि धागा तुटला. मॉन्ट्रियलला हो म्हणायला जुन्या लोकांची जीभ वळेना. अशा बऱ्याच जणांनी गंमतशीर पळवाट काढली, ते बॉस्टनचे झाले. शत्रूचा शत्रू तो मित्र, आणि मॉन्ट्रियलचा जुना शत्रू म्हणजे ब्रुइन्स. त्यात बॉस्टनकडे २००३ पासून पॅट्रिस बर्जरॉन खेळायला लागला, जो क्वेबेक सिटीला लागून असलेल्या एका छोट्या गावचा, तब्बल २० वर्षांच्या करिअरमधे दुसऱ्या कुठल्या क्लबकडे गेला नाही, मग तर काय, कारणच मिळालं. हार्टफर्डच्या माणसाला जो शेजारी नको होता तोच क्वेबेकच्या माणसाला सोन्यासारखा.

पण ही जुन्यांची गोष्ट. १९९५ नंतर जन्मलेल्या पोराला गुड फ्रायडेच्या मारामारीचं काय देणंघेणं, त्याला फ्रेंच चॅनलवर दिवसरात्र फक्त कॅनेडियन्स दिसतात, शाळेत सगळे त्यांचंच बोलतात, तो निवांतपणे मॉन्ट्रियलचा होतो, आणि घरात बाप तोंड वाकडं करून बसतो. जुन्या लोकांनी प्रयत्न कमी केले असंही नाही. डिसेंबर २०१० मधे हजारावर लोक बसगाड्या करून पार न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडला गेले, नॉर्डिक्सच्या निळ्या जर्सी घालून, आयलंडर्स आणि अटलांटाची मॅच बघायला, ज्या दोन्ही टीमांशी यांचा काही संबंध नाही. हेतू एकच, लीगने टीव्हीवर बघावं की आम्ही आहोत. शहराने आणि प्रांताने मिळून ३७ कोटी डॉलरचं १८ हजार सीटचं स्टेडियम बांधलं, २०१५ ला उघडलं, टीम नसताना. पुढच्या वर्षी लीगने नवीन टीम दिली लास व्हेगसला आणि क्वेबेकला सांगितलं थांबा. २०२४ ला प्रांत सरकारने लाखो डॉलर देऊन लॉस एंजेलिसच्या टीमला दोन सराव मॅचेस खेळायला बोलावलं, त्यावरून तिकडे चिक्कार टीका झाली, आणि सरावाच्या मॅचसाठी एवढे पैसे मोजायची वेळ आली ह्याचं मलापण जरा वाईटच वाटलं.

आता सुरुवातीला म्हणलेलं ते उलटं गणित. कुठल्या शहरांना टीम परत मिळाली बघा. मिनेसोटाची १९९३ ला डॅलसला गेली, २००० ला नवीन मिळाली, जवळचा शेजारी शिकागो साडेसहाशे किलोमीटरवर. विनिपेगची १९९६ ला फिनिक्सला गेली, २०११ ला अटलांटाची उचलून विनिपेगला आली आणि सीझन तिकिटांची खुली विक्री काही मिनिटांत संपली, शेजारी सातशे किलोमीटरच्या पुढे. डेन्व्हरची १९८२ ला गेली, १९९५ ला परत मिळाली, आजूबाजूला कुणी नाही. आता न मिळालेले बघा. कॅन्सस सिटीची १९७६ ला गेली, त्याच राज्यात सेंट लुइस आहे. क्लीव्हलंडची १९७८ ला मिनेसोटात विलीन झाली, दोन-अडीच तासांवर पिट्सबर्ग, तीन तासांवर डेट्रॉइट. हॅमिल्टनची १९२५ ला गेली, एका बाजूला टोरंटो, दुसऱ्या बाजूला बफेलो, १७ हजारांचं स्टेडियम बांधून ठेवलं, ब्लॅकबेरीवाल्या जिम बॅल्सिलीने २००९ ला फिनिक्सची टीम तिकडे न्यायचा घाट घातला, कोर्टापर्यंत गेला, हरला. हार्टफर्ड, क्वेबेक तर सांगून झालं.

लीगच्या जागी बसून विचार करा. हार्टफर्डचा माणूस बॉस्टन किंवा न्यूयॉर्कचं चॅनल बघतोच आहे, त्यांच्या जर्सी घेतोच आहे, म्हणजे गिऱ्हाईक दुकानात आहेच, मग त्याच्यासाठी वेगळी शाखा कशाला काढायची, वर त्या दोन मालकांचा इलाखा कापायला लागणार आणि ते मत कशाला देतील. मिनेसोटाचा माणूस मात्र शिकागोची टीम बघतच नव्हता, तो युनिव्हर्सिटीची आणि शाळेच्या पोरांची हॉकी बघत होता, लीगला त्याच्याकडून एक पैसा मिळत नव्हता. म्हणून त्याच्याकडे परत जायला कारण होतं. अर्थात शेजारी हे एकमेव कारण नाही, शहराचा आकार, पैसेवाला मालक, तयार स्टेडियम हे सगळं लागतंच, क्वेबेकसारख्या छोट्या शहराचं गणित तसंही अवघड. आणि या नियमाला एक मोठा अपवाद आहे, ओटावा.

ओटावाची जुनी सेनेटर्स टीम मंदीच्या काळात १९३४ ला सेंट लुइसला गेली, तिथे एक वर्ष टिकली आणि बंद पडली. त्यानंतर ५८ वर्षं कॅनडाच्या राजधानीत एनएचएलची टीम नव्हती. दोन तासांवर मॉन्ट्रियल, चार-साडेचार तासांवर टोरंटो, शनिवारी रात्री रेडिओवर आणि मग टीव्हीवर याच दोन टीम, घरात इंग्रजी असेल तर बहुतेक टोरंटो, फ्रेंच असेल तर मॉन्ट्रियल. आजोबा, बाप, नातू, तीन पिढ्या अशा गेल्या. १९९२ ला नवीन सेनेटर्स आली, तेच नाव, आणि आजसुद्धा टोरंटो तिथे खेळायला आली की ओटावाच्या स्टेडियममधे निळ्या जर्सी इतक्या दिसतात की होम टीम कुठली हा प्रश्न पडावा. टोरंटोने गोल केला की छत उडेल असा आवाज. तिकीट घेणारे सगळे टोरंटोहून गाडी काढून आलेले नसतात, बरेचसे तिथलेच, शेजारच्या गल्लीतले. आपली टीम परत आली म्हणून आजोबांची टीम सोडायची का, असं त्यांचं म्हणणं, आणि त्यांच्या बाजूने बघितलं तर ते काही चुकीचं नाही. दत्तक घेतलेलं पोर तीन पिढ्यांनी सख्खंच होतं. सेनेटर्सना गेली ३०-३५ वर्षं स्वतःच्याच गावात घरचे फॅन एकेक करून जमवावे लागतायत.

सध्या ही सगळी गोष्ट नव्याने चालू आहे ती फिनिक्समधे. विनिपेगहून १९९६ ला आलेली ती टीम, अॅरिझोना कायोटीज, शेवटी शेवटी युनिव्हर्सिटीच्या ५ हजारही सीट नसलेल्या स्टेडियममधे खेळत होती, आणि एप्रिल २०२४ ला सगळे खेळाडू यूटाला गेले. टीम तिथे होती म्हणून स्कॉट्सडेलसारख्या वाळवंटातल्या गावात ऑस्टन मॅथ्यूज नावाचं पोर हॉकी खेळायला लागलं आणि आता तो टोरंटोचा कॅप्टन आहे. तिथल्या फॅनपुढे आता पर्याय काय, तर यूटा, जी आपलेच खेळाडू घेऊन गेली, किंवा लास व्हेगस, पावणेपाचशे किलोमीटरवर, जिने २०२३ ला कप जिंकलाय, किंवा कॅलिफोर्नियातल्या टीमा. आणि हार्टफर्डसारखंच इथेही आहे बघा, टूसॉनमधली धाकटी टीम अजून तिथेच आहे आणि आता ती यूटासाठी पोरं तयार करते. पण शेजारी सगळे लांब आहेत, शहर प्रचंड मोठं आहे, म्हणून माझा अंदाज असा की फिनिक्सला टीम परत मिळेल. किती वर्षांनी ते विचारू नका, मिनेसोटाला ७ लागली, विनिपेगला १५, ओटावाला ५८.